गोळीमुक्तांची बरणी

आजच्या समारंभाचे आदरणीय अध्यक्ष. व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेचे मालक, ज्यांच्या औदार्याने मागच्या टेबलावर चहा आणि बिस्किटं मांडलेली आहेत. 'आपलं आरोग्य आपल्या हाती' या मंडळाचे संस्थापक आणि आजचे निरोपमूर्ती सर. सरांना न्यायला लांबून आलेली त्यांची लेक. मंडळाचे चिटणीस, पदाधिकारी, सभासद. आणि खुर्ची न मिळाल्यामुळे दाराशी उभे राहिलेले तुम्ही सगळे. तुम्ही दाराशी का उभे आहात हो? आत या. पुढे सरका, पुढे सरका, मध्ये भरपूर जागा आहे. माफ करा हं. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते मी. गर्दी दिसली की तोंडातून दुसरं काही निघतच नाही. आणि हा माईक जरा लांब केलात तरी चालेल, माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा.

मी या मंडळाची सभासद नाही. मग ही बाई इथे कशाला उभी आहे, असं काहींच्या मनात आलं असेल. मी ताईची धाकटी बहीण. ताई म्हणजे तुमची टायपिस्ट ताई, तिसऱ्या मजल्यावरची. मंडळाची पहिली गोळीमुक्त महिला. कुटुंबीयांच्या वतीने सरांविषयी कृतज्ञतेचे दोन शब्द बोलावेत, असा चिटणीसांचा निरोप आला. मला बोलायला त्रास नको, म्हणून त्यांनी ते दोन शब्द स्वतःच लिहूनही पाठवले. हा बघा कागद. अक्षर सुरेख आहे. 'ताईंनी सरांच्या मार्गदर्शनाखाली निरोगी, आनंदी व औषधरहित जीवन व्यतीत केले.' व्यतीत केले, हे अगदी खरं. ताई जाऊन तीन महिने झाले, तेवढं लिहायचं राहून गेलेलं दिसतंय. चिटणीस, कागद बाजूला ठेवते. तुम्ही मेहनत घेतलीत, राग मानू नका.

पत्रिका पाहिलीत ना? माझ्या भाषणानंतर सरांच्या हस्ते घड्याळवाल्या भाऊंचा गोळीमुक्त सभासद म्हणून सत्कार आहे. भाऊ, कुठे आहात? हां, तिसऱ्या रांगेत, कडेला. इस्त्रीचा शर्ट घालून आलात, छान दिसताय. भाऊ, मी बोलणार आहे सगळ्यांदेखत, पण बोलणार आहे तुमच्याशी. आणि तुमचा सत्कार व्हायच्या आत मला बोलून संपवायचंय. नंतर बोलून उपयोग नाही, हे मी एकदा पाहिलंय.

पण आधी सरांविषयी बोलायला हवं. निरोप समारंभ आहे, रीत पाळली पाहिजे.

सर पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत होते. नवीन विक्रेत्यांना शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे सर म्हणतात. बोलणं असं की ज्याच्या घरी नळ नाही तोही पंप घेऊन जाईल. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, आजारी पडल्या तेव्हा सरांनी त्यांचं सगळं केलं. तीन डॉक्टर होते आणि तिघांच्या गोळ्या वेगवेगळ्या. एकाने काय लिहिलंय ते दुसरा वाचत नव्हता. वहिनींना शेवटी शेवटी जेवणापेक्षा गोळ्याच जास्त जायच्या. त्या गेल्या आणि सरांचा गोळ्यांवरचा विश्वास साफ उडाला. मला हे कळतं. माझाही उडाला असता. मग रिकाम्या घरात बसून सर फोनवर वाचायला लागले. गोळ्यांचे दुष्परिणाम, गोळ्यांशिवाय कसं जगावं, कोणत्या बिया भिजवायच्या, कोणता श्वास कुठल्या नाकपुडीने घ्यायचा. जे वाचलं ते त्यांना पटलं, आणि जे पटलं ते त्यांनी तुम्हाला पाठवलं. सर लबाड असते ना, तर माझं आजचं काम फार सोपं झालं असतं. पण सर लबाड नाहीत. त्यांनी मंडळाकडून कधी काही घेतलं नाही, उलट सतरंज्या स्वतःच्या घरून आणल्या.

आणि तुम्ही मंडळात का आलात? तब्येतीसाठी? सांगा बघू खरं. घरी बोलायला कोणी नव्हतं म्हणून आलात. इथे बसलेल्यांत कितीजणांच्या घरी सकाळी दुसऱ्या माणसाचा आवाज असतो? हात वर करा. राहू द्या, नका करू. सकाळी उठलं की फोनवर मंडळाच्या गटात आपला आकडा टाकायचा. रक्तदाब, साखर, वजन. मग सरांकडून फुलांचा गुच्छ आला की दिवस चांगला गेला. हसताय काय? ताई दात घासायच्या आधी वजनकाट्यावर उभी राहायची. कोणीतरी आपल्या आकड्याची वाट बघतंय, एवढ्याचं तिला अप्रूप होतं. तिचा मुलगा, माझा भाचा, लांब असतो. पोरगा गुणी आहे, शिव्या देण्यासारखं त्याने काही केलेलं नाही. पण आईने गुडघा म्हटलं, पाठ म्हटलं, की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, 'आई, फोनवर बघ ना, सगळं असतं त्यात.'

तिने बघितलं. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून फोन ठेवलेला असायचा. एकीकडे भाजी चिरणं चालू आणि एकीकडे बाई वाचतेय. टायपिस्टची बोटं ती, एका शिंकेवर पाच ठिकाणी शोध घ्यायची. मी चिडवायचे, 'ताई, आज कोणता रोग झालाय? काल तर यकृत गेलं होतं तुझं.' ती म्हणायची, 'हसून घे. डॉक्टरसमोर बसलं की मी तोंड उघडायच्या आत तो लिहायला लागतो. याच्यापाशी मी एकच गोष्ट दहा वेळा विचारते. हा कधी म्हणत नाही, मावशी, वयानुसार होतं, पुढचा पेशंट पाठवा.'

याला उत्तर काय द्यायचं? तुमच्याकडे आहे का? पाहुण्यांकडे? म्हातारी माणसं फोनला का विचारतात म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी कोणाला विचारायचं ते मात्र कोणी सांगत नाही. तेव्हा कृपा करून ही बाई फोनच्या विरोधात बोलायला उभी राहिली, असं उद्या म्हणू नका. फोनने ताईला एकदा अगदी खरं सांगितलं होतं. त्या वेळी त्याला खोटं कोणी पाडलं, ते सांगते.

ही मोठी काचेची बरणी टेबलावर ठेवलीय. पाहुण्यांनी मघाशी चॉकलेटं समजून झाकण उघडलं. पाहुणे, लाजू नका, कोणालाही वाटेल. चंदेरी, सोनेरी, रंगीत कागद दिसतात. यात गोळ्यांची पाकिटं आहेत. मंडळाची ही पद्धत आहे. ज्याने एखादी गोळी सोडली, त्याने महिन्याच्या मेळाव्यात यायचं, उरलेलं पाकीट सगळ्यांसमोर या बरणीत टाकायचं. मग टाळ्या, फोटो, आणि सरांच्या सहीचं प्रमाणपत्र. डॉक्टरला विचारलं का, असं इथे कोणी विचारत नाही. ते विचारणं मंडळात वाईट दिसतं. आता तुमच्यातला कोण माईचा लाल उठून सांगेल, की मी विचारलं होतं?

बघा. सगळे बरणीकडे बघताहेत.

ताईला हृदयासाठी गोळ्या होत्या. त्यातली एक पाणी उतरवायची. ती घेतली की लघवीला सारखं जावं लागतं. सभेत शब्द काढला म्हणून चिटणीस खाली बघताहेत. ताईही अशीच खाली बघायची. मंडळाची सकाळची फेरी असते ना, बागेला वळसा घालून पुलापर्यंत आणि परत? त्या वाटेवर बायकांसाठी कुठेही सोय नाही. गोळी घ्यावी तर फेरीला जाता येत नाही, आणि फेरीला गेलं नाही तर दिवसभर माणसाचं तोंड दिसत नाही. शिवाय घरातही उठून धावत जाताना एकदा ती पडता पडता वाचली होती. मी इथे पडले तर कोणाला कळणार, ही भीती तिने माझ्यापाशी बोलून दाखवली. मंडळात नाही दाखवली. पुरुषमाणसं आहेत, कसं बोलायचं? मग तिने फोनवर शोधलं आणि गटात लिहिलं, 'या गोळीचे दुष्परिणाम होत आहेत, पर्याय आहे का?' पर्याय काय, बदाबदा आले. बिया आल्या, काढे आले, आसनं आली. तिला हवं काय होतं? ताई, गोळीची वेळ बदलता येते का ते डॉक्टरला विचार, फिरून आल्यावर घे. एवढंच म्हणणारा एक माणूस हवा होता. तो इतक्या मोठ्या गटात निघाला नाही. तिने गोळी सोडली आणि सरांनी जाहीर केलं, आपली पहिली गोळीमुक्त महिला!

गोळी सुटल्यावर पहिले काही दिवस बाई मजेत. रोज फेरी. मग वजन वाढायला लागलं. ताई आयुष्यभर काटकुळी, तुम्ही पाहिलेलीच आहे. तिच्या वजनाचा आकडा चढायला लागला तसे गटात गुच्छावर गुच्छ. फेरीत बायका म्हणायच्या, 'ताई, गाल कसे भरलेत! तब्येत मानवली हो तुम्हाला.' तिनेच मला कौतुकाने सांगितलं. ते मांस नव्हतं, ते पाणी होतं. अंगात पाणी साठत होतं आणि तुम्ही सगळे तिला नजर लागेल म्हणत होतात. बोलताना मला संताप येतोय. येऊ दे.

आणि आता ते फोनचं. ताईचे पाय सुजले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ती उशा रचून झोपायला लागली. तिने शोधलं. एका मोठ्या इस्पितळाच्या पानावर तिला जसंच्या तसं सापडलं. पायांना सूज, वजन झपाट्याने वाढणं, आडवं झाल्यावर दम. पुढे लिहिलं होतं, हे हृदयाचं असू शकतं, थांबू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. तिने ते पान गटात टाकलं. खाली लिहिलं, 'सर, हे माझ्यासारखंच वाटतं. मी काय करू?'

सर, तुम्ही तो मजकूर काढून टाकलात. मंडळाचा नियम आहे, नकारात्मक काही टाकायचं नाही, सभासदांचा उत्साह जातो. मग तुम्ही तिला फोन केलात, अगदी मायेने. 'ताई, असलं वाचलं की अंगाला तसंच व्हायला लागतं. शरीर स्वच्छ होताना थोडी सूज येते. रविवारी तुमचा सत्कार आहे, मन प्रसन्न ठेवा.' तिने तुमचं वाक्य न वाक्य मला ऐकवलं. तिला किती बरं वाटलं होतं! सरांनी स्वतः फोन केला म्हणून.

मी म्हटलं, 'ताई, गोळी आत्ताच्या आत्ता चालू कर.'

'अगं, रविवारी सत्कार आहे ना. गोळी खाऊन गोळीमुक्तीचा सत्कार घेऊ? मला नाही जमायचं तसलं.'

'मग डॉक्टरकडे तरी चल.'

'सोमवारी जाऊ. तूच ये न्यायला. सत्कार तेवढा होऊ दे.'

'तुझा सत्कार गेला खड्ड्यात!'

तर म्हणते, 'तुला काय जातंय बोलायला? तू निवृत्त झालीस तेव्हा डेपोने तुझा केला होता. फुलं घातलेल्या गाडीतून घरी आणून सोडलं तुला. माझा कधी कोणी केलाय गं?'

एकाहत्तर वर्षांची माझी बहीण. हजारो लोकांची पत्रं टाईप केली तिने, एकावर तिचं नाव नव्हतं. तिला एकदा सगळ्यांसमोर उभं राहायचं होतं. तुम्ही तिला ते दिलंत, सर. देताना बदल्यात काय घेतलंत ते तुमच्या लक्षात आलं नाही.

तो रविवार तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. याच व्यासपीठाच्या या दोन पायऱ्या. तिच्या चपला पायात शिरेनात, म्हणून भावोजींच्या जुन्या सपाता घालून ती आली होती. दुसऱ्या पायरीवर ती थांबली. छातीवर हात ठेवून उभी राहिली. आणि सूत्रसंचालक, तुम्ही याच माईकवरून म्हणालात, 'ताई भारावून गेल्या आहेत.' केवढ्या टाळ्या पडल्या! मी मागे बसले होते. ती भारावली नव्हती हो. तिला दम लागला होता. दोन पायऱ्या चढून माझ्या बहिणीला दम लागला होता, आणि तुम्ही सगळे टाळ्या पिटत होतात.

सोमवारी सकाळी मी तिला न्यायला गेले. बेल वाजवली, हाका मारल्या, शेवटी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसलेली होती. आडवं व्हायला जमत नव्हतं ना तिला. प्रमाणपत्र टीव्हीला टेकवून ठेवलं होतं, खुर्चीतून दिसेल असं. मी तिचा हात हातात घेतला, तो थंड होता. तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. गटाचा निरोप होता, 'ताई, आजचा आकडा राहिला.'

नंतर तुम्ही भेटायला आलात. एकेक जण आला आणि म्हणाला, वय झालं होतं. मी ऐकून घेतलं. सरांनी गटात श्रद्धांजली लिहिली, 'ताई शेवटपर्यंत गोळीमुक्त राहिल्या.' त्याखाली हात जोडलेली चित्रं. तिचा फोन आता माझ्याकडे असतो. तुमच्या गटाने अजून तिचं नाव काढलेलं नाही, रोज तिला सुप्रभात येतं. मध्यंतरी तिचा वाढदिवस झाला, तर निरोगी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा आल्या. कोणाला काही खटकलं नाही.

अध्यक्षमहाराज, चिठ्ठी मिळाली. 'कृपया आवरतं घ्या.' घेते. मुद्द्याचं तेवढं राहिलंय.

त्याच फोनवर मी भाऊंच्या सत्काराचं वाचलं. भाऊ, मग मी तुमच्या दुकानात आले. घड्याळाचा सेल बदलायचाय म्हटलं. खोटं होतं ते, सेल चांगला चालू होता. तुम्हाला ते उघडल्याबरोबर कळलं असणार, पण तुम्ही सज्जन माणूस, बोलला नाहीत. मी विचारलं, गोळी का सोडलीत? तुम्ही हात पुढे केलात. 'बघा ना बाई, जरा कुठे लागलं की काळंनिळं. दाढी करताना कापलं तर रक्त थांबत नाही. गिऱ्हाईकं विचारतात, भाऊ, कोणी मारलं? फोनवर वाचलं, ही गोळी रक्त पातळ करते. सरांना विचारलं, ते म्हणाले द्या सोडून.'

'पण डॉक्टरने दिली कशाला होती?'

'ठोके मागेपुढे पडतात म्हणून. गुठळी होऊ नये म्हणून.'

'मग आता ठोके सरळ पडतात?'

तुम्ही डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलंत. जन्मभर दुसऱ्यांच्या घड्याळांची टिकटिक ऐकलेला माणूस तुम्ही, तुम्हाला काय कळत नसेल? 'नाही पडत,' म्हणालात. 'पण आता काय करू बाई? पत्रिकेत नाव छापलंय. सगळ्यांना कळलंय.'

पुन्हा तेच. पुन्हा रविवार, पुन्हा सत्कार, पुन्हा लोक काय म्हणतील. दुकानाच्या वर तुम्ही एकटे राहता. शटर उघडलं नाही तर लोकांना वाटेल भाऊ गावाला गेले. उद्या तुमचं तोंड वाकडं झालं, हात पडला, तर हाक कोणाला माराल? आणि मारता येईल का?

मी डॉक्टर नाही. कोणती गोळी ठेवायची आणि कोणती सोडायची, मला काही कळत नाही. कदाचित तुमची गोळी कमी करायला हवी असेल. कदाचित दुसरी द्यायला हवी असेल. या बरणीतल्या काही गोळ्या खरंच नको असतील, वहिनींच्या बाबतीत सरांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. पण ते ठरवायला तुमचा हात हातात घेऊन नाडी बघणारा माणूस लागतो, टाळ्या वाजवणारा नाही.

आता जे सांगणार आहे, ते सरांच्या लेकीला विचारून सांगतेय. पहिल्या रांगेत बसलीय ती. मघाशी दाराशी तिने माझा हात धरला. म्हणाली, 'मावशी, मी बाबांना का नेतेय माहीतय का? ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी मला कळवलं. मी आले तशी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. भांडून, रडून, दामटून. दोन आठवडे झाले, बाबा रक्तदाबाची गोळी घेताहेत. मी समोर बसून देते. मंडळात बोलू नकोस म्हणालेत, लोकांचा धीर सुटेल. पण आज ते दुसऱ्याचा सत्कार करणार, हे मला बघवत नाही. तुम्ही बोलणार आहात ना?'

कुजबुज करू नका. शांत बसा जरा. सर, मान वर करा. गोळी घेताय यात लाज कसली? घ्या. रोज घ्या, पोरीच्या हातून घ्या. मला राग तुम्ही गोळी घेतल्याचा नाही. दोन आठवड्यांत तुम्ही गटात रोज सुप्रभात टाकलंत, भाऊंच्या सत्काराची पत्रिका टाकलीत, ही एक ओळ टाकली नाहीत, त्याचा आहे. तुम्ही घसरलात तेव्हा तुम्हाला ओढून डॉक्टरकडे नेणारी पोर होती. ताईला कोण होतं? तिचा मुलगा लांब, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोजचे तुम्हीच होतात, सर. ती तुम्हाला विचारत होती. हे सगळे तुम्हालाच विचारतात.

चिटणीसांची इच्छा होती की ही बरणी मंडळाची आठवण म्हणून माझ्या हस्ते तुम्हाला द्यावी. ते माझ्याच्याने होणार नाही, दुसऱ्या कोणाकडून द्या. त्याऐवजी मी तुम्हाला हा माईक देते. मोठं भाषण नको. एकच वाक्य बोला, 'मी गोळी घेतो.' एवढंच. तुमच्या तोंडून ऐकलं तर इथले निम्मे लोक उद्या सकाळी आपापल्या डॉक्टरच्या दारात उभे राहतील. घ्या. घ्या ना.

सर?

पाणी देऊ का?

नाही. राहू द्या. आण तो माईक इकडे, बाळा, बाबांना बसू दे खाली. तू रडू नकोस. तू तुझ्याकडून केलंस.

भाऊ, पाहिलंत? ज्यांना पंप विकताना शब्द कमी पडले नाहीत, त्यांना तीन शब्द जमले नाहीत. ते वाईट माणूस नाहीत, मी आधीच सांगितलं. त्यांना लोकांसमोर पडायचं नाही, एवढंच. ताईलाही नव्हतं पडायचं. तुम्हालाही नाहीये. इथे सगळ्यांना आपली पत राखायचीय, आणि माणसं एकेक करून खुर्चीत थंड होताहेत. मला तुमच्याकडून काही वदवून घ्यायचं नाही. तुम्ही उठून बोलू नका, माफी मागू नका, पाकीट परत मागू नका. तुम्ही फक्त...

भाऊ, कुठे निघालात? चहा तिकडे आहे. बाहेर?

मोठ्याने बोला, मला दिसतंय पण ऐकू येत नाहीये. मागच्यांनी जरा गप्प बसा हो! काय म्हणालात? चौकातला दवाखाना? हो, उघडा असतो, रविवारीही संध्याकाळी असतो. थांबा. एकटे जाऊ नका. पायऱ्या सावकाश. दाराशी उभे आहात ना तुम्ही, त्यांना वाट द्या, आणि कोणीतरी हात धरा त्यांचा. मी आलेच.

तर मंडळी, आता मला आवरतं घ्यायलाच हवं. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवूनही मला खाली उतरवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. पाहुण्यांच्या चहाबिस्किटांना मी न्याय देऊ शकले नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. सरांच्या लेकीचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, तिला मी घरी येऊन भेटेन. चिटणीस, तुमचा कागद इथे टेबलावर ठेवलाय, पुढच्या वेळी लिहाल तेव्हा माणूस गेलंय हे लिहायला विसरू नका. सर, तुमचा प्रवास सुखाचा होवो, लेकीकडे नीट राहा, हे मी मनापासून म्हणते. बोलण्याच्या भरात माझ्याकडून अधिकउणं बोललं गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर तुम्ही सगळे मोठ्या मनाचे आहात, पोटात घाला. सर, तुम्हालाही माझी माफी मागायची असेल, तर आज मागू नका. आज मला ती देता येणार नाही.

सूत्रसंचालक, पत्रिकेतला पुढचा कार्यक्रम खोडा. सत्कारमूर्ती माझ्याबरोबर दवाखान्यात निघालेत.